परिचर्या व्यवसायातील प्रत्यायोजन, उत्तरदायित्व आणि रुग्णहक्क

परिचर्या व्यवसायातील प्रत्यायोजन म्हणजे नोंदणीकृत परिचारिकेने आपल्या कामाचा एखादा भाग, तो करण्यास पात्र असलेल्या दुसऱ्या व्यक्तीवर सोपवणे होय. काम दुसऱ्याच्या हाती गेले तरी ते योग्य व्यक्तीवर सोपवले होते का आणि नीट पार पडले का, याचा जाब देण्याचे बंधन सोपवणाऱ्यावर राहते. या बंधनास उत्तरदायित्व म्हणतात. ज्याच्यासाठी हे सारे काम चालते त्या रुग्णास सुरक्षित उपचार, माहिती, संमती, गोपनीयता आणि सन्मानाची वागणूक यांचा हक्क असतो. रुग्णालयात एकच काम अनेक हातांतून जाते. त्यामुळे या तीन संकल्पनांचा विचार एकत्रितपणे केला जातो.

भारतात या विषयाची चर्चा करताना मुंबईच्या भायखळा भागातील सर जमशेदजी जीजीभाई (जे. जे.) रुग्णालयात १९८६ साली घडलेली ग्लिसरॉल दुर्घटना आणि तिची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाचा अहवाल यांना विशेष महत्त्व आहे.

संज्ञा

जबाबदारी आणि उत्तरदायित्व हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. परिचर्याशास्त्रात मात्र त्यांत भेद केला जातो. नेमून दिलेले काम पार पाडणे ही जबाबदारी होय. ते तसे का केले, का केले नाही किंवा दुसऱ्याकडून का करवून घेतले, याचे समर्थनीय कारण देता येणे हे उत्तरदायित्व होय. कक्षातील आयाबाईंनी रुग्णाची कूस बदलली, तर ती कृती नीट करण्याची जबाबदारी त्यांची असते. पण पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रुग्णाची कूस बदलण्याचे काम प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीकडे गेले आणि त्यातून अपाय झाला, तर ते काम तिच्याकडे सोपवणाऱ्या परिचारिकेस उत्तर द्यावे लागते. काम सोपवता येते, उत्तरदायित्व सोपवता येत नाही, असे या तत्त्वाचे सार सांगता येईल.

प्रत्यायोजन आणि कामाची नेमणूक यांतही फरक आहे. परिसेविकेने पाळीच्या सुरुवातीस खाटा वाटून देणे ही नेमणूक होय, कारण ज्यांना खाटा वाटल्या त्या परिचारिका स्वतःच्या पात्रतेच्या बळावर काम करतात. स्वतःच्या अधिकारातील काम कमी प्रशिक्षण असलेल्या व्यक्तीकडून स्वतःच्या देखरेखीखाली करवून घेणे हे प्रत्यायोजन होय.

पार्श्वभूमी

आधुनिक परिचर्येच्या प्रवर्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात व्यवस्थापनावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. आपण हजर असताना जे होते, ते आपण नसतानाही होईल अशी तजवीज करणे हा त्या प्रकरणाचा विषय आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ साली परिचारिकांसाठी आचारसंहिता स्वीकारली. त्यानंतर तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या.

मुंबईत सर जमशेदजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभारलेले जे. जे. रुग्णालय आणि त्याला जोडलेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले. आज जे. जे. रुग्णालय समूहात सेंट जॉर्ज, गोकुळदास तेजपाल आणि कामा व आल्ब्लेस ही रुग्णालयेही येतात. भायखळ्याच्या आवारात परिचर्या शिक्षणाची संस्था आहे. भायखळ्यापासून जवळच परळ येथे मुंबई महानगरपालिकेचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून कार्यरत आहे.

रुग्णालयातील श्रेणीरचना

महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत परिचर्या विभागाच्या प्रमुखपदी अधिसेविका असते. लोक तिला मेट्रन म्हणतात. तिच्या हाताखाली सहायक अधिसेविका, प्रत्येक कक्षाची प्रमुख असलेली परिसेविका आणि प्रत्यक्ष रुग्णसेवा करणारी अधिपरिचारिका अशी उतरंड असते. रुग्ण आणि नातेवाईक या सर्वांना 'सिस्टर' म्हणून हाक मारतात. पुरुष परिचारकांना 'ब्रदर' म्हणतात. त्यांच्याखेरीज कक्षसेवक (वॉर्डबॉय), आया आणि सफाई कामगार कक्षात काम करतात. शिकाऊ विद्यार्थीही कामात असतात.

शिक्षणाच्या दृष्टीने दोन वर्षांचा सहायक परिचारिका व प्रसाविका (एएनएम), तीन वर्षांचा सामान्य परिचर्या व प्रसाविका (जीएनएम) आणि चार वर्षांचा बी. एस्सी. नर्सिंग हे प्रमुख अभ्यासक्रम आहेत. कोणावर कोणते काम सोपवावे हे ठरवताना पदनामापेक्षा शिक्षण, नोंदणी आणि त्या विशिष्ट कामाचा अनुभव या गोष्टी निर्णायक ठरतात.

प्रत्यायोजनाची तत्त्वे

परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत प्रत्यायोजनाच्या पाच कसोट्या सांगितल्या जातात.

१. योग्य काम : काम ठरावीक पद्धतीचे, परिणाम आधी सांगता येण्याजोगे आणि कमी धोक्याचे असावे.
२. योग्य परिस्थिती : रुग्णाची प्रकृती स्थिर असावी. सकाळी सोपवता येणारे काम दुपारी रुग्णाचा रक्तदाब उतरल्यावर सोपवता येईलच असे नाही.
३. योग्य व्यक्ती : ते काम करण्याचे शिक्षण आणि सराव असलेली व्यक्ती असावी.
४. योग्य सूचना : काय करायचे, केव्हा करायचे आणि काय दिसल्यास लगेच येऊन सांगायचे हे स्पष्ट शब्दांत सांगितलेले असावे.
५. योग्य देखरेख : काम झाल्यावर परिचारिकेने स्वतः खात्री करून घ्यावी आणि नोंद करावी.

रुग्णाला अंघोळ घालणे, जेवण भरवणे, अंथरूण बदलणे, चाकाच्या खुर्चीवरून क्ष-किरण विभागात नेणे ही कामे साधारणपणे सोपवता येतात. रुग्णाच्या स्थितीचे मूल्यमापन, परिचर्येची आखणी, शिरेतून औषध देणे, रक्त चढवण्यापूर्वीची पडताळणी आणि रुग्णास द्यायचे आरोग्यशिक्षण ही कामे अप्रशिक्षित व्यक्तीवर सोपवता येत नाहीत. या कामांत हातांच्या कौशल्याबरोबर निर्णय घ्यावा लागतो आणि असा निर्णय घेण्यासाठीच परिचारिकेस नोंदणी दिलेली असते.

ज्याच्यावर काम सोपवले जाते त्यालाही नकाराचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही आहेत. 'हे मला येत नाही' असे वेळीच सांगणे हा उत्तरदायित्वाचाच भाग मानला जातो. डॉक्टरांची सूचना संदिग्ध, अवाचनीय किंवा धोकादायक वाटल्यास परिचारिकेने ती तशीच अमलात न आणता विचारणा करणे अपेक्षित असते.

जे. जे. रुग्णालयातील ग्लिसरॉल दुर्घटना

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेल्या १४ रुग्णांचा मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाला. कवटीतील किंवा डोळ्यातील वाढलेला दाब उतरवण्यासाठी ग्लिसरॉल तोंडावाटे दिले जाते. दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेले होते. हे रसायन औद्योगिक वापराचे असून दिसायला ग्लिसरॉलसारखे, चवीला गोडसर आणि किमतीला स्वस्त असते. त्यामुळे नुसते पाहून किंवा चाखून भेसळ ओळखता येत नाही. तिच्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी लागते.

राज्य शासनाने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. १९८७ मध्ये सादर झालेल्या अहवालात औषधखरेदीतील अनियमितता, अन्न व औषध प्रशासनातील ढिलाई व भ्रष्टाचार आणि राजकीय हस्तक्षेप यांवर कठोर ताशेरे ओढण्यात आले. अहवालानंतर तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले.

उत्तरदायित्वाची साखळी

ग्लिसरॉलची बाटली रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचण्याआधी पुरवठादार, खरेदी करणारे अधिकारी, गुणवत्ता तपासणारी यंत्रणा, औषध प्रशासन आणि औषध भांडार अशा अनेक टप्प्यांतून जाते. प्रत्येक टप्प्यावरील व्यक्ती आधीच्या टप्प्यावर तपासणी झाली आहे असे गृहीत धरून काम करते. रुग्णालयाचे दैनंदिन काम या विश्वासावरच चालते. एका टप्प्यावर तपासणी केवळ कागदोपत्री राहिली, तर पुढील सर्वांचा प्रामाणिकपणा निरुपयोगी ठरतो.

मात्रा मोजून रुग्णाच्या हाती पेला देणारी व्यक्ती या साखळीच्या शेवटी असते. औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी पडताळण्याचे बंधन तिच्यावर असते. या पाचही गोष्टी अचूक असूनही बाटलीत विष असू शकते, हे या दुर्घटनेतून स्पष्ट होते. बाटलीतील द्रव शुद्ध आहे की नाही याचे उत्तर खाटेजवळील परिचारिकेकडे मागणे न्याय्य ठरत नाही. ते उत्तर ज्यांच्याकडे तपासणीचे अधिकार आणि साधने होती त्यांनी द्यायचे असते. लेंटिन आयोगाच्या चौकशीचा रोख याच वरच्या टप्प्यांकडे होता. दुर्घटनेनंतर शेवटच्या हातास दोषी धरून मोकळे होण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. त्या पार्श्वभूमीवर या अहवालाचे महत्त्व लक्षात येते.

तथापि साखळीच्या शेवटी असलेल्या व्यक्तीचे एक स्वतंत्र उत्तरदायित्व उरते, ते म्हणजे निरीक्षण आणि नोंद. डायएथिलीन ग्लायकॉलच्या विषबाधेत लघवीचे प्रमाण घटणे हे महत्त्वाचे लक्षण असते. रुग्णाने किती द्रव घेतला आणि किती लघवी केली याचा तक्ता परिचारिका ठेवते. लघवीचे भांडे रिकामे करण्याचे काम आयाबाईंकडे सोपवले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र भांडे रिकामे करण्यापूर्वी मोजायचे आहे हे त्यांना सांगितलेले असावे लागते. तक्त्यातील आकडा घटत असल्यास तो डॉक्टरांच्या नजरेस आणून देणे हे परिचारिकेचे काम असते आणि ते सोपवता येत नाही.

समान घटना

अमेरिकेत १९३७ साली 'एलिक्झिर सल्फानिलामाइड' या औषधात हेच रसायन द्रावक म्हणून वापरल्याने शंभराहून अधिक लोक दगावले. त्यानंतर १९३८ साली तेथे औषधांच्या सुरक्षिततेचा कठोर कायदा झाला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील याच रसायनामुळे अनेक बालकांचा मृत्यू झाला. त्यांपैकी काही बालकांवर नागपूर येथे उपचार करण्यात आले होते.

न्यायालयीन निर्णय

अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९६)

१९६३ साली औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय रुग्णालयात प्रसूतीनंतर एका महिलेची कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया झाली. तिच्या पोटात कापडी टॉवेल राहून गेल्याचे दुसऱ्या शस्त्रक्रियेत आढळले आणि पुढे काही दिवसांत तिचा मृत्यू झाला. हलगर्जीपणा सिद्ध झाला असताना तो नेमक्या कोणत्या कर्मचाऱ्याचा हे सांगता आले नाही, तरी शासन नुकसानभरपाईच्या दायित्वातून सुटत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. शस्त्रक्रियेपूर्वी आणि जखम शिवण्यापूर्वी कापडी पट्ट्या, सुया व हत्यारे मोजून तो आकडा मोठ्याने सांगण्याची आणि लिहून ठेवण्याची पद्धत अशा चुका टाळण्यासाठीच असते. ही मोजणी दोन व्यक्तींनी मिळून करायची असते.

स्प्रिंग मेडोज रुग्णालय विरुद्ध हरज्योत अहलुवालिया (१९९८)

दिल्ली येथील या रुग्णालयात विषमज्वरासाठी दाखल केलेल्या बालकास परिचारिकेने शिरेतून चुकीचे औषध टोचले. बालकाच्या मेंदूस कायमची इजा झाली. इंजेक्शन डॉक्टरांनी स्वतः द्यावे असे वरिष्ठ डॉक्टरांनी सांगितले असताना निवासी डॉक्टरांनी ते पात्रता नसलेल्या परिचारिकेवर सोडले होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने बालकास १२.५ लाख रुपये आणि आईवडिलांना मनस्तापापोटी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. अयोग्य प्रत्यायोजनाबद्दल काम करणारी व्यक्ती, ते सोपवणारा डॉक्टर आणि अपात्र कर्मचारी नेमणारे रुग्णालय या सर्वांवर दायित्व येऊ शकते, हे या निकालातून दिसून येते.

अरुणा शानबाग प्रकरण (२०११)

परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला. मेंदूस झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा पूर्ववत शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी मृत्यू होईपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांना अन्न देणे थांबवावे अशी मागणी पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ही मागणी नाकारली, मात्र विशिष्ट परिस्थितीत उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणास वाट मोकळी केली. स्वतः बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने कोणी बोलायचे, या प्रश्नावर न्यायालयाने तिची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा अधिकार मान्य केला. रुग्णाची बाजू मांडणे हा परिचर्येचा भाग आहे, या विचारास या निकालाने बळ मिळाले.

कायदेशीर चौकट

परिचर्या शिक्षणात एकसूत्रता आणण्यासाठी भारतीय परिचर्या परिषद अधिनियम १९४७ साली संमत झाला. महाराष्ट्रात महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ नुसार महाराष्ट्र परिचर्या परिषद परिचारिकांची नोंदणी ठेवते. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम संमत केला.

नुकसानभरपाईसाठी रुग्णास ग्राहक आयोगाकडे किंवा दिवाणी न्यायालयात जाता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालानुसार, ज्या रुग्णालयात सर्वच रुग्णांना विनामूल्य सेवा मिळते ते ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. मात्र काही रुग्णांकडून शुल्क घेणाऱ्या रुग्णालयातील विनामूल्य रुग्णांनाही त्या कायद्याचे संरक्षण मिळते. नाममात्र नोंदणी शुल्कामुळे यात फरक पडत नाही.

फौजदारी कारवाईसाठी हलगर्जीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणे मृत्यूस कारणीभूत होण्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. वैद्यकीय उपचार करताना असे घडल्यास नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी ही कमाल मर्यादा दोन वर्षांची आहे. या सवलतीच्या व्याख्येत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेले डॉक्टर येतात, परिचारिकांचा समावेश नाही. त्यामुळे प्रत्यायोजन आणि त्याची लेखी नोंद यांना परिचारिकांच्या दृष्टीने अधिक महत्त्व प्राप्त झाले आहे.

रुग्णहक्क आणि परिचारिका

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णहक्कांची सनद तयार केली असून महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे अपेक्षित आहे. परिचर्येशी निकटचा संबंध असलेले हक्क पुढीलप्रमाणे आहेत.

माहिती व संमती : शस्त्रक्रियेचे स्वरूप, धोके आणि पर्याय समजावून सांगण्याचे काम ती करणाऱ्या डॉक्टरांचे असते. संमतिपत्रावर सही घेण्याचे काम अनेकदा परिचारिकेकडे येते. रुग्णास काही समजलेले नाही असे दिसल्यास तिने सही घेण्याची घाई न करता डॉक्टरांना कळवावे.

गोपनीयता व खासगीपणा : तपासणीच्या वेळी पडदा ओढणे, रोगनिदानाची चर्चा शेजारच्या खाटेपर्यंत जाऊ न देणे, पुरुष डॉक्टर महिला रुग्णाची तपासणी करत असताना महिला कर्मचारी उपस्थित ठेवणे या गोष्टी यात येतात. एचआयव्हीबाधितांच्या माहितीस २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने संरक्षण दिले आहे.

तातडीचे उपचार : अपघातग्रस्तास कायदेशीर सोपस्कारांसाठी ताटकळत ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले.

कागदपत्रे : रुग्णास आपल्या उपचारांच्या नोंदींच्या प्रती मागता येतात. परिचारिकेने लिहिलेल्या नोंदी हा त्यांतील महत्त्वाचा भाग असतो.

काळजी कोण घेत आहे हे जाणण्याचा हक्क : आपल्याला सुई टोचणारी व्यक्ती नोंदणीकृत परिचारिका आहे, विद्यार्थी आहे की मदतनीस, हे विचारण्याचा रुग्णास अधिकार आहे. नावाची आणि पदनामाची पट्टी लावण्यामागे हाच हेतू असतो.

प्रत्यक्षातील अडचणी

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत अध्यापन रुग्णालयातील सामान्य कक्षात ३ रुग्णांमागे आणि इतर सामान्य रुग्णालयांत ५ रुग्णांमागे १ परिचारिका असावी अशी शिफारस आहे. सार्वजनिक रुग्णालयांच्या गजबजलेल्या कक्षांत हे प्रमाण पाळणे कठीण जाते. रुग्णांची संख्या खाटांपेक्षा अधिक झाली की जमिनीवर गाद्या घालाव्या लागतात आणि कामे आपोआप खालच्या श्रेणीकडे सरकतात.

यातील एक प्रकार बहुधा कोणत्याही नियमावलीत नसतो, तो म्हणजे नातेवाइकांकडे जाणारे काम. नळीतून अन्न देणे, सलाइन संपत आल्याचे येऊन सांगणे, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन देणे ही कामे रुग्णाजवळ बसलेल्या आई, मुलगा किंवा शेजारी यांच्यावर पडतात. मायेपोटी ते ती आनंदाने करतात. पण त्यांना प्रशिक्षण नसते, पाचव्या कसोटीतील देखरेख नसते आणि काही बिघडल्यास आयुष्यभराचा सल मात्र त्यांच्या वाट्याला येतो. ज्या रुग्णाजवळ कोणीच नसते त्याची ही कामे राहून जाण्याचा धोका असतो. नातेवाइकांच्या मदतीमुळे परिचारिकेचे वा रुग्णालयाचे उत्तरदायित्व संपत नाही. घरी गेल्यावरच्या काळजीसाठी त्यांना शिकवणे हे परिचर्येचे काम आहे, मात्र कक्षातील मनुष्यबळाची उणीव त्यांच्याकडून भरून काढणे हे प्रत्यायोजन ठरत नाही.

मनुष्यबळाची कमतरता लेखी कळवणे, अवाजवी प्रत्यायोजन नाकारणे आणि झालेली चूक न लपवता नोंदवणे या तीन गोष्टी परिचारिकेच्या हाती असतात. त्यांची दखल घेणे आणि चूक सांगणाऱ्यास संरक्षण देणे हे प्रशासनाचे कर्तव्य असते. चूक नोंदवणाऱ्यास शिक्षेचे भय असेल, तर पुढील चुका नोंदवल्या जात नाहीत आणि त्यांचे कारण शोधण्याचा मार्ग बंद होतो.